खिशातून किती, भिंतीत किती?

रविवारची मराठी मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात चहाभोवती घोळका जमतो. अशाच एका घोळक्यात कोणीतरी पत्रक हातात दिलं होतं: दहा दिवस, नेपाळ, डोंगरातल्या शाळेचं बांधकाम, प्रत्येकी पंचाऐंशी हजार. खाली बायबलमधलं एक वचन आणि एक मोबाइल नंबर. भूकंपानंतरचे दिवस होते, मन भरून आलेलं होतं. मी नाव दिलं आणि पैसे भरले. पंचाऐंशी हजारांतले विटा-सिमेंटला किती जाणार, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. देवाच्या कामात हिशेब मागायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. परत आल्यावर मात्र तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहिते आहे.

बोरिवलीच्या आयसी कॉलनीपासून मरोळ, चकाला, घाटकोपर, मुलुंडपर्यंत असे गट दरवर्षी निघतात. कुठे पॅरिशचा युवा गट असतो, कुठे एखादी प्रोटेस्टंट मंडळी, कुठे चार कुटुंबांनी मिळून ठरवलेलं असतं. बहुतेक जण नेपाळला किंवा श्रीलंकेला जातात, थोडे पूर्व आफ्रिकेत. कल्पना मूळची अमेरिकेतली. घर बांधणं हीच ख्रिस्ती सेवा, या विचारातून मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ साली जॉर्जिया राज्यात ‘हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी’ सुरू केली आणि स्वयंसेवकाने स्वखर्चाने यायचं, हातात थापी धरायची, ही पद्धत जगभर रुजली. आपल्याकडे तिचं मोठं दर्शन २००६ साली घडलं. लोणावळ्याजवळ मळवलीच्या पाटण गावात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन सुमारे दोन हजार स्वयंसेवक घेऊन आले आणि आठवड्याभरात शंभर घरं उभी राहिली. तेव्हा आपण यजमान होतो. आता आपल्या उपनगरांतली मुलं-मुली पाहुणे म्हणून दुसऱ्यांच्या गावात जातात. पाहुण्याचा खर्च यजमानावर पडू नये, एवढी काळजी तर घ्यायलाच हवी.

आकडा फोडून घ्या

गटप्रमुखाकडे सगळ्यात आधी मागायची गोष्ट म्हणजे खर्चाची फोड. एकरकमी आकडा सांगणाऱ्याला नम्रपणे म्हणायचं, ‘कागदावर लिहून द्या.’ मुंबईहून काठमांडूला दहा दिवसांसाठी जाणाऱ्या माणसाचा हिशेब माझ्या अंदाजाने साधारण असा बसतो. तुमच्या तारखांप्रमाणे तो थोडा इकडेतिकडे होईल.

विमानाचं येण्या-जाण्याचं तिकीट दोन महिने आधी काढलं तर बावीस हजारांपासून, सुट्टीच्या तोंडावर काढलं तर बत्तीस हजारांपर्यंत. काठमांडूहून गावापर्यंतची जीप दहा जणांत वाटली तर माणशी तीन हजार. राहणं-जेवण दिवसाला बाराशेप्रमाणे बारा हजार. प्रवासविमा बाराशे ते दोन हजार. लसी तीन ते पाच हजार. बूट, हातमोजे, हेल्मेट वगैरे तीन हजार. अडीअडचणीसाठी पाच हजार बाजूला ठेवायचेच. बांधकामाच्या सामानासाठी पंधरा हजार आणि तिथल्या गवंड्यांच्या मजुरीसाठी सहा हजार धरा. एकूण सत्तर ते त्र्याऐंशी हजार. पासपोर्ट नसेल तर छत्तीस पानी पुस्तिकेचे दीड हजार वेगळे. तत्काळ काढायचा तर त्यावर आणखी दोन हजार.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने वाचा. माणशी पंचाहत्तर हजार धरले तर दहा जणांचे साडेसात लाख. त्यातले सामान आणि मजुरीचे मिळून दोन लाख दहा हजार, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस रुपये भिंतीत गेले आणि बहात्तर आपल्याला तिथवर नेण्या-आणण्यात. २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने घर पडलेल्या कुटुंबाला पुनर्बांधणीसाठी तीन लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने दिले. एका भारतीय रुपयाला एक रुपया साठ पैसे नेपाळी हा दर १९९३पासून ठरलेला आहे, म्हणजे ते अनुदान आपले एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे. दहा जणांचे साडेसात लाख म्हणजे बरोबर चार कुटुंबांचं अनुदान.

हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. तरीही ‘जाऊच नका’ असं मी म्हणत नाही. प्रत्यक्ष गेल्याने जे कळतं ते मनीऑर्डर करून कळत नाही, आणि तिथल्या लहानशा ख्रिस्तमंडळीला कोणीतरी इतक्या लांबून आलं याचा जो धीर येतो तोही खोटा नसतो. पण बहात्तर रुपये आपल्या शिकण्याचे आणि अठ्ठावीस रुपये त्यांच्या भिंतीचे, हे स्वतःशी आणि ज्यांच्याकडून देणगी मागतो त्यांच्याशी उघड बोलून जावं. माझी स्वतःची रेघ अशी आहे: फोडीत सामान आणि स्थानिक मजुरी ही दोन नावं नसतील किंवा दोन्ही मिळून चौथ्या हिश्श्याहून कमी असतील, तर त्या गटाबरोबर जायचं नाही. ती सहल झाली. सहलीला जायचं तर सहल म्हणून जावं.

भाडं वाचवायचं असेल तर रेल्वेचा रस्ता आहे. घाटकोपर-मुलुंडकरांना लोकमान्य टिळक टर्मिनस घरासारखंच. तिथून गोरखपूरला थेट गाड्या जातात. पुढे बसने किंवा जीपने सुनौलीची सीमा, पायी ओलांडली की भैरहवा, तिथून काठमांडूची बस. थ्री-एसीने जाऊन-येऊन, बसभाडी धरून सात-आठ हजारांत भागतं. म्हणजे माणशी चौदा-पंधरा हजार तरी सुटतात. किंमत मोजायची ती दिवसांत, जाता-येता मिळून चारेक दिवस वाढतात. कॉलेजच्या मुलांना परवडतं, नोकरदाराला रजा पुरत नाही. रजेचाही हिशेब धरा. बिनपगारी दहा दिवस म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा, तो कुठल्याच पत्रकात लिहिलेला नसतो.

पूर्व आफ्रिकेचं गणित निराळं. नैरोबीला मुंबईहून थेट विमानं आहेत, भाडं चाळीस ते साठ हजार. केनियाने २०२४पासून व्हिसाच्या जागी ऑनलाइन परवानगी आणली, तिचे तीस डॉलर. सगळं धरून माणशी सव्वा ते दीड-पावणेदोन लाख लागतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याने तिकडे जाऊ नये, आधी जवळचं करावं, असं माझं मत.

पावतीवरचा शब्द

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे माणसं पैसे गमावतात.

माझ्या ओळखीच्या एका गटाने निघण्याच्या तीन आठवडे आधी दौरा रद्द केला. कारण खरं होतं, तिकडे रस्ता खचला होता. पण पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं की, ती तर देणगी होती. पावत्या काढून पाहिल्या तर सगळ्यांवर ‘देणगी’ असंच छापलेलं. विमान कंपनीने तिकिटाचा काही भाग परत केला होता, तो कोणाकडे गेला हे शेवटपर्यंत कळलं नाही. चाळीस हजार रुपये एका आजींनी नातवासाठी बचतगटातून उचलून दिले होते. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून पैसे दोन पावत्यांत द्या. प्रवास, राहणं, जेवण, विमा यांची पावती ‘सहभाग शुल्क’ किंवा ‘प्रवास खर्च’ या नावाने, त्यावर रद्द झाल्यास किती परत मिळतील हे लिहिलेलं. सामान आणि मजुरीचे पैसे तेवढे ‘देणगी’ म्हणून. शुल्क घेऊन सेवा दिली तर तुम्ही ग्राहक ठरता आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने उभा करता येतो. देणगीदाराला तो आधार मिळणं कठीण. उपनगरवासीयांचा जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क पडत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. १९७५पासून काम करणारी आपली मुंबई ग्राहक पंचायतही मार्गदर्शन करते. चर्चविरुद्ध तक्रार कशी करायची, असं वाटून माणसं गप्प बसतात. पावती नीट घेतली तर ती वेळच येत नाही.

पैसे संस्थेच्या किंवा पॅरिशच्या खात्यात जावेत. गटप्रमुखाच्या स्वतःच्या नंबरवर जीपे करू नका, तो कितीही भला असला तरी. त्याच्या भलेपणाला जपण्यासाठीसुद्धा हे गरजेचं आहे.

आयकराबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला दिसतो. ८०जीची सवलत भारतात नोंदलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तीही जुन्या करप्रणालीत आणि रोख दिली तर दोन हजारांपर्यंतच. परदेशातल्या चर्चला थेट पाठवलेल्या पैशांवर ती नाही आणि स्वतःच्या विमानतिकिटावर तर नाहीच. तसंच अमेरिकेतल्या मामांनी किंवा आखातातल्या भावाच्या परदेशी मित्रांनी तुमच्या गटाला पैसे पाठवायचं म्हटलं तर आधी पॅरिशच्या हिशेबनिसांना विचारा. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला संस्थेकडे २०१०च्या परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी लागते. ती नसताना पैसे आले तर अडचणीत संस्था येते.

दौरा रद्द होणं ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये कार्टर दांपत्याचा असाच मोठा बांधकाम-सप्ताह नेपाळमध्ये व्हायचा होता, दीड हजारांच्या वर स्वयंसेवक येणार होते. सीमेवरची कोंडी, इंधनाची टंचाई आणि अशांतता यांमुळे तो ऐन वेळी रद्द करावा लागला. माजी राष्ट्राध्यक्षांचा कार्यक्रम बारगळू शकतो तर आपला का नाही? विमा घेताना ‘सहल रद्द’ हे कलम आहे का ते पाहा.

विम्याचं बोललेच आहे तर आणखी एक. साध्या प्रवासविम्याच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा अंगमेहनतीचं काम वगळलेलं असतं. म्हणजे काठमांडूत बसमध्ये चढताना पाय मुरगळला तर खर्च मिळेल, पण परांचीवरून पडून मोडला तर नाही. एजंटला स्पष्ट सांगा, ‘मी बांधकामावर काम करणार आहे,’ आणि तेही चालतं असं ईमेलवर लेखी घ्या. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या.

कागदपत्रं आणि कायदा

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालेल असं गृहीत धरून सहार विमानतळावर पोहोचू नका, तिथून परत फिरलेली माणसं आहेत. पासपोर्टसाठी उपनगरांत अंधेरी आणि मालाडची सेवा केंद्रं. घर बदललं असेल तर पोलिस पडताळणीला वेळ जातो, तीन महिने हाताशी ठेवा. नेपाळसाठी डॉलर विकत मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत प्रवासाच्या परकीय चलनातून नेपाळ आणि भूतान वगळलेले आहेत. आपलेच रुपये न्यायचे. किती मोठ्या नोटा चालतात याचे नियम बदलत आलेत, निघण्याच्या आठवड्यात बँकेत विचारा. केनियासारख्या देशाला जाताना एका वेळी तीन हजार डॉलरपर्यंत रोख नेता येतात. उरलेले कार्डवर ठेवा.

युगांडा किंवा केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र आपल्याच विमानतळावर मागतात. नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. ती सरकारी केंद्रात काही शे रुपयांत होते आणि प्रमाणपत्र जन्मभर चालतं. या देशांत पर्यटकाच्या परवान्यावर काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. यजमान संस्थेने योग्य परवाना काढून दिला पाहिजे. ‘विमानतळावर फिरायला आलोय म्हणून सांगा,’ असा सल्ला देणाऱ्या गटाबरोबर जाऊ नका. ज्याच्या नावाने चाललो आहोत त्याच्या कामाची सुरुवात खोट्याने कशी करायची?

नेपाळच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट आहे. तिथल्या २०१५च्या राज्यघटनेत धर्मांतर घडवून आणण्यास मनाई आहे आणि २०१८च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आपल्या उत्साही मुलांच्या बॅगेत नेपाळी भाषेतल्या सुवार्तापत्रिका असतात. कृपा करून त्या घरी ठेवा. तुम्ही दहा दिवसांनी परतता, पण पोलिस येतात ते तिथल्या पाळकांच्या दारात. हाताने काम करावं, कोणी विचारलं तर आपण कोण ते सांगावं, तिथल्या मंडळीबरोबर प्रार्थनेला बसावं. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे ख्रिस्ती उपासनाही शनिवारी भरते. रविवारी बांधकामावर जावं लागतं. पहिल्या रविवारी आमच्यापैकी बऱ्याच जणांना चुकल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या रविवारी घमेली हातोहात देताना कोणीतरी हळू आवाजात मराठी गीत धरलं आणि सगळी रांग गाऊ लागली.

गटात अठराखालील मुलं असतील तर आईवडिलांचं संमतिपत्र हवंच. आणि मुलांच्या शाळेत काम करणार असाल तर पासपोर्ट कार्यालयातून पाचशे रुपयांत मिळणारा पोलिस दाखला यजमानांनी मागण्याआधीच काढा. अनाथाश्रमाची ‘भेट’ कार्यक्रमात असेल तर ती काढून टाकायला सांगा. तिथल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्या येतात म्हणून मुलं घरापासून दूर ठेवली जातात, असं वारंवार उघडकीला आलं आहे.

अंग आणि ओळंबा

सिमेंटची गोणी पन्नास किलोची. काँक्रीटने भरलेलं घमेलं पंधरा-वीस किलोचं. बीकेसीत संगणकापुढे बसणाऱ्याच्या कमरेला हे माहीत नसतं. निघण्याआधी सहा आठवडे रोज पाठीला दहा किलो लावून इमारतीचे चार मजले चढा-उतरा, पैसा लागत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, टायफॉइड आणि कावीळ ‘ए’च्या लशींबद्दल फॅमिली डॉक्टरांना विचारा. स्टीलच्या टोपणाचे सेफ्टी शूज साकीनाक्याच्या दुकानांत हजार ते अठराशेला मिळतात. ते नवे कोरे घालून जाऊ नका, दोन आठवडे घरात-बाजारात वापरून मऊ करा. रबरी हातमोज्यांचे तीन जोड घ्या. ओलं सिमेंट कातडी खातं, हे मला तिसऱ्या दिवशी बोटांची सालं निघाल्यावर कळलं. बायकांनी पाळीचं सामान इथूनच न्यावं आणि कपडे बदलायला आडोसा, संडास कुठे आहे हे आधीच विचारून ठेवावं. पुरुष गटप्रमुखाला ते सुचत नाही, आणि विचारायला संकोच करून बायकाच दिवसभर पाणी न पिता राहतात.

आता त्या भिंतीची गोष्ट. चौथ्या दिवशी आम्हा मुंबईकरांना एक आडवी भिंत स्वतंत्रपणे दिली. दुपारपर्यंत सहा थर चढले. फोटो निघाले. मग गावातला म्हातारा गवंडी आला. काही बोलला नाही. खिशातून दोरी काढली, तिच्या टोकाचा पितळी ओळंबा वरच्या थरावरून सोडला आणि तो हलायचा थांबेपर्यंत उभा राहिला. खाली दोरी आणि भिंत यांच्यात माझं अंगठ्याजवळचं बोट सहज जात होतं. भूकंपाच्या देशात एवढा झोल म्हणजे काय, हे त्याच्या गावाने पाहिलेलं होतं. जोत्यावर, खिडकीखाली, खिडकीवर आणि छताखाली सळयांचे पट्टे टाकून घर बांधायचं, तेव्हाच सरकारी इंजिनीअर पास करतो आणि पुढचा हप्ता मिळतो. ओळंब्यातच नसलेली भिंत त्या पट्ट्याला काय धरणार? त्याने हातोडीने हलकेच एकेक वीट सोडवायला सुरुवात केली. आम्ही त्या घासून, माल खरवडून बाजूला रचल्या. संध्याकाळी त्याने आणि त्याच्या मुलाने तेवढीच भिंत तीन तासांत उभी केली. आम्ही माल कालवून दिला, पाणी आणलं, विटा भिजवल्या.

त्यापुढचे सगळे दिवस आम्ही बिगारीचंच काम केलं आणि ते चांगलं केलं. म्हणून गटप्रमुखाला विचारायचा दुसरा प्रश्न: तिथे पगारी गवंडी किती आणि आमच्यावर देखरेख कोणाची? एका गवंड्यामागे चार-पाच स्वयंसेवकांहून जास्त नकोत. आणि आपल्यामुळे तिथल्या कोणा मजुराची रोजी बुडत नाही ना, हे जरूर विचारा. कडिया नाक्यावर सकाळी काम मिळण्याची वाट पाहत उभी राहिलेली माणसं आपण मुंबईत रोज पाहतो. त्यांच्या जागी फुकट काम करणारे परदेशी पाहुणे येऊन उभे राहिले तर त्यांना काय वाटेल, एवढा विचार पुरे.

तारखांबाबत एक चूक जवळजवळ सगळे करतात. आपल्याला दिवाळीची सुट्टी असते म्हणून दिवाळीत जातात. नेमका त्याच दिवसांत तिकडे तिहार असतो, त्याच्या आधी दशैं. गवंडी, जीपवाले सगळे आपापल्या घरी. पाहुणे येतात आणि बंद पडलेल्या कामावर रंग मारून परततात. जूनच्या मध्यापासून पाऊस, तेव्हा डोंगराचे रस्ते खचतात. फेब्रुवारी-मार्च उत्तम, परीक्षा नसलेल्यांसाठी. कॉलेजवाल्यांनी मे महिना धरावा, तिकीट मात्र फेब्रुवारीतच काढावं.

जाणं जमत नसेल किंवा आकडा झेपत नसेल तर मन छोटं करू नका. ‘हॅबिटाट’सारख्या संस्थांचं काम भारतातही चालतं आणि रायगड-पालघरच्या पाड्यांवर घरं, शौचालयं बांधणारे चर्चचे गट आहेत. मुलुंडहून कर्जतला लोकलचं तिकीट पंचवीस रुपयांच्या आत. वर्षभर महिन्यातून एक शनिवार दिला तर बारा दिवस होतात, नेपाळपेक्षा दोन जास्त, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. परदेशी जाण्याआधीची तयारी म्हणूनही हेच करावं. थापी कशी धरायची ते तरी कळतं.

किती दिवस हा प्रश्न मला सारखा विक्रोळीची आठवण करून देतो. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेच्या पीस कोअरमधून गोदरेजच्या वसाहतीत आल्या आणि दवाखान्यात नर्सचं काम करत जवळजवळ दोन वर्षं राहिल्या. ते मिशनचं काम नव्हतं, पण आपल्या घाटकोपर आणि मुलुंडच्या मध्येच परदेशातून आलेली एक बाई सेवा करून गेली. दोन वर्षांत माणसं नावाने ओळखीची होतात. दहा दिवसांत फोटोतली राहतात.

म्हणून परतल्यावरचा खर्चही आधीच धरून ठेवा. आमच्या गटाने माणशी दोन हजार राखून ठेवले होते. वर्षभराने तिथल्या पाळकांशी फोनवर बोलून शाळेच्या मागच्या खोलीचे पत्रे त्यातून बसले. बिलाचा फोटो आला, पत्र्यांचाही आला. पुढच्या वेळी बैठकीत ठरलं की दहाजणांनी न जाता तिघांनीच जायचं: ज्यांना काम येतं असे दोघं आणि पहिल्यांदाच येणारा एक. बाकी सात जणांनी आपलं विमानभाडं तेवढं द्यायचं. सात जणांचे पंचवीस हजारप्रमाणे एक लाख पंच्याहत्तर हजार. त्यातून त्या म्हाताऱ्या गवंड्याला, त्याच्या मुलाला आणि आणखी चौघांना दोन महिने रोजावर लावलं. मी त्या सातांतली होते.